त्रेसष्ट शून्य दोन

मुलाखत रात्री अडीचला होती.
वेलिंग्टनमध्ये तेव्हा सकाळचे नऊ.
घरात रेंज धरत नाही, म्हणून कारखान्यात,
अक्कलकोट रोडला, सूत ठेवायच्या खोलीत,
कोनांच्या पोत्यावर लॅपटॉप.
नायनांनी शेठला विचारून
भिंतीलगतचे चार माग बंद ठेवले होते, पंचवीस मिनिटं.
उरलेले वीस चालू.

"मागे कसला आवाज आहे?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.
पाऊस आहे, असं अगदी ओठावर आलं होतं.
मी म्हणाले, टॉवेल.
मग त्यांनी आयात शुल्काबद्दल विचारलं
आणि पाठ केलेलं सगळं गळून गेलं.
ढिगातला एक टॉवेल उचलून कॅमेऱ्यासमोर धरला:
हा इथून निघतो तेव्हा एवढ्याचा,
तुमच्या न्हाणीघरात टांगला जातो तेव्हा एवढ्याचा,
मधलं जे आहे, ते मला शिकायचंय.

अम्मा लेबलं शिवते. तिला इंग्रजी येत नाही.
'मेड इन इंडिया'तल्या दोन डोंगरांची टोकं वर असली
की लेबल सुलटं, एवढं तिला पुरतं.
तिने दिलेली शेंगाचटणी विमानतळावर मी
फॉर्मवर लिहून जाहीर केली.
अधिकाऱ्यानं हुंगली, शिंकला, जाऊ दिलं.
आमच्या घराची पहिली थेट निर्यात.

सहा महिने मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर रकाने जुळवले.
त्रेसष्ट शून्य दोन, पुढे साठ: टेरी टॉवेल, सुती.
साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल,
सगळा पूर्व भाग त्या एका ओळीत दाटीवाटीनं राहत होता.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: नाजूक.
कुणासाठी, ते लिहिलं नव्हतं.
माझं काम दशांशाचं टिंब बघायचं.
ओळीविषयी मत विचारत नाहीत इंटर्नला,
आणि विचारलं असतं तर
काय बोलले असते, कोण जाणे.

पहिल्याच दिवशी सही करून दिली होती:
इथलं बाहेर सांगणार नाही.
रविवारी फोनवर नायना विचारत,
"आपल्या मालाचं काय चाललंय गं तिकडं?"
मी म्हणे, इथे वारा फार आहे.
ते पुन्हा विचारत नसत.
जॉबर माणूस. चालत्या मागात हात घालत नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत दुकानात गेले,
एकेक टॉवेल उलटून कोपरे बघितले.
खूप देश होते त्या फळ्यांवर.
डोंगर शोधता शोधता सुट्टी संपली.

परतले तेव्हा गड्डा उठत आला होता,
होम मैदानावर पाळण्यांचे नुसते सांगाडे.
नायना बीम जोडत होते, कोपरापर्यंत ऑईल.
"आकडा सांगू नकोस. सही केलीस, तर पाळायची.
एकच सांग. त्या ऑफिसात
माणसं हात कशाला पुसतात?"

भिंतीवर एक डबा असतो, मी म्हणाले.
खाली हात धरले की गरम वारा येतो.

"वारा?"

वारा.

नायना एवढे हसले
की चार मागांपलीकडून येल्लप्पा वाकून बघायला लागला.
"म्हणजे दर रविवारी
तू खरंच सांगत होतीस की."

मग साबणानं हात धुतले,
खांद्यावरच्या सेकंडच्या टॉवेलाला,
जिथे लूप सुटलेत त्या कोपऱ्याला,
एकेक बोट पुसलं,
आणि कोरड्या हातानं
माग चालू केला.