छाट

नागपूरहून प्रशिक्षण घेऊन परतले तेव्हा
माझ्या पिशवीत रंगीत मणी होते, फुगवायचा चेंडू,
आणि जाड रेघांचे पोपट, रंगवायला.
दुर्पताबाईंनी पोपट उलटा धरून पाहिला,
मग माझ्याकडे पाहिलं.
"मी का लेकरू आहो का वं?"

वैनगंगेच्या अलीकडे, मोहाडीच्या रस्त्यावर
आमच्या आश्रमात सतरा जणं.
त्यातल्या सातांना आज वार कोणता
हे विचारू नये, एवढं मी शिकले.

दुर्पताबाईंना मुलाचं नाव सापडत नाही.
जेवल्या की नाही, तेही नाही.
पण दुपारी, रिकाम्या मांडीवर,
बोटं काहीतरी वळत राहायची.
अंगठा घासायचा, करंगळी दुमडायची,
शेवटी एक न दिसणारा दोरा
दोनदा गुंडाळून तोडायची.
डॉक्टरांनी लिहिलं: अस्वस्थ हालचाल.
अर्धी गोळी, रात्री.
स्वयंपाकाच्या कौतिकाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या,
"बिडी हाय ते. माह्या मायचे हात असेच चालत."

मग तुमसरहून कात्री आणली, पत्र्याचा फर्मा,
ओल्या गोणपाटात रात्रभर ठेवला तेंदूपत्ता.
सूप आश्रमाचंच.
तंबाखूच्या जागी बडीशेप आणि थोडा ओवा.
त्यांनी चिमूट नाकाशी नेली, थांबल्या.
"माल हलका हाय यंदा,"
आणि पान कापायला घेतलं.

पलीकडे टिकारामजी बिसेन, एसटीतले कंडक्टर,
कपडे वाळवायची दोरी दोनदा ओढतात.
बाकावरचे तिघं जरा पुढे सरकतात.
ओले कपडे मी आता कुंपणावर टाकते.

पंचवीसचा कट्टा. शनिवारी हप्ता.
सट्टेदार मी.
पहिल्या शनिवारी छान छान म्हणत सगळ्या घेतल्या,
तर त्या भडकल्या.
"छाट काहाडली नाही? पाह्यलंच नाही तुनं!"
तेव्हापासून एकेक बिडी बोटांत फिरवते,
तोंड वाकडं करते, चार बाजूला काढते.
त्या भांडतात. दोनावर तुटतं.
अकरा रुपये पदराच्या टोकाला गाठीत जातात,
धुण्याच्या दिवशी ती गाठ मी सोडते.
पुढच्या शनिवारी तेच अकरा.

आणि रात्री, सगळे निजल्यावर,
दोरे सोडते, बडीशेप पाखडते,
पानं पुन्हा ओल्या फडक्यात.
उद्याला काम पुरलं पाहिजे.
कोणाला सांगितलेलं नाही हे.
गाठ घट्ट असते, प्रत्येक वेळी,
नखानं सोडवताना
मी चोरासारखी दाराकडे बघते.

परवा वीज गेली, आणि राहूनच गेलं.
सकाळी सूप त्यांच्या पुढ्यात, कालच्या साऱ्या बिड्यांसकट.
मी घाबरले.
त्यांनी एक उचलली, टोक चाचपलं,
कानाशी नेऊन किंचित दाबली.
"कोन्या बाईच्या हातच्या हायेत वं?"
मी गप्प.
"हात बसला हाय तिचा.
ठेवून घे तिले कामावर."
मग त्यातली एक बाजूला टाकली
आणि कात्री मागितली.