आठ बोटांचा हिशेब

क्लबात आम्ही आता बोटांवर मोजण्याइतके उरलोय.
माझी बोटं आठच,
दोन कागदाच्या गिरणीत रोलरखाली गेली, एकोणऐंशी साली,
म्हणून नववा माणूस मोजताना
लॉरेटचं एक बोट उसनं घ्यावं लागतं.
ती खजिनदार. देते, पण नोंद ठेवते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमची घेवड्याची पंगत.
आदल्या संध्याकाळी क्लबामागे खड्डा,
खड्ड्यात मेपलची लाकडं,
निखारे पडले की त्यांत लोखंडी हंड्या पुरायच्या,
वर पत्रा, पत्र्यावर माती,
मातीशेजारी दोन खुर्च्या, व्हायनल आणि मी,
आणि रात्रभर बोलायला काही नाही.
चार वर्षांपासून एका हंडीत डुकराचं मांस घालत नाही.
तिच्या कडीला लाल चिंधी.
पहिल्या वर्षी व्हायनल कुरकुरला होता,
आता चिंधी तोच बांधतो, दुहेरी गाठ मारून.

ताटामागे बारा डॉलर.
त्यातून हायस्कूलच्या पोरांना
विज्ञान-मेळ्याची बस, परीक्षेची फी,
एकदा एका पोराचा चष्मा
(लॉरेटने तो 'प्रयोगसाहित्य' खात्यात टाकला),
आणि दर वर्षी एकाला
उन्हाळ्यात सहा आठवडे विद्यापीठाची प्रयोगशाळा.

त्या एकाला निवडायला तिघं बसतो.
मी शाळा नववीत सोडलेली.
हे क्लबात कुणाला सांगितलेलं नाही,
सगळ्यांना माहीत आहे.
अर्ज हातात आला की मी अक्षर बघतो,
मान हलवतो,
आणि बाकीच्यांनी किती गुण दिलेत ते चोरून पाहतो.

मार्चमध्ये हिबाक आली.
बर्फाने भिजलेले बूट दाराशी काढून, मोज्यांवर.
अकरावी. आई रात्रपाळीला, इस्पितळाच्या धुलाईघरात.
प्रकल्प: अँड्रोस्कॉगिन नदीच्या तळचा गाळ.
काचेच्या नळीत तिने नदी उभी करून आणली होती,
वर तपकिरी, खाली राखाडी,
मध्ये एक काळपट रेघ
जिला काय म्हणावं हे तिलाही कळत नव्हतं.
आम्ही ठरलेले प्रश्न विचारले.
तिने ठरलेली उत्तरं दिली.
मग लॉरेट म्हणाली, तुला काही विचारायचंय का?
हे आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात.
पोरं नाही म्हणतात, आभार मानतात, जातात.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं.
लोक बघतात तसं नाही, खूण पटल्यासारखं.
"तुम्ही गिरणीत होतात ना?
मंगळवारी नदी कुठल्या रंगाची असायची?"

मंगळवारी.
गिरणी बंद पडल्यापासून
मला कुणी मंगळवार विचारला नव्हता.

म्हटलं, कागद ज्या रंगाचा, नदी त्या रंगाची.
सोमवारी नुसता फेस. मंगळवार-बुधवार पिवळी,
सरकारी पाकिटांची ऑर्डर असायची.
गुलाबी फक्त जानेवारीत, बर्फाच्या कडेकडेने.
मासे? नव्हतेच.
वास? त्याला आम्ही पगाराचा वास म्हणायचो.
आणि वरच्या पुलाखाली तिसरा नळ होता,
तो तुझ्या नकाशात नसेल,
तो रात्रीच उघडायचे.
"कोण?"
मी.

व्हायनलने खुर्ची सरकवली. लॉरेटने पेन खाली ठेवलं.
पोरगी लिहीतच होती.
"नाव कसं लिहायचं तुमचं?"
पेल्की, मी सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून,
नववीत फळ्याशी उभा राहून सांगायचो तसं.
पानावर वर लिहिलं होतं 'स्रोत'.
त्याखाली दोन पुस्तकं, एक अहवाल,
आणि मी.

त्या दिवशी गुण देताना
कुणाच्या कागदात डोकावलो नाही.

उन्हाळाभर तिचं पत्र नाही. पोरं लिहीत नाहीत.
सप्टेंबरात पंगतीला आली, आई आणि दोन भावांना घेऊन.
चौघांचे अठ्ठेचाळीस मोजून दिले.
लॉरेटने घेतले, हिशेब म्हणजे हिशेब.
मग खड्ड्यापाशी येऊन म्हणाली,
"ती रेघ. तिसरा नळ."
एवढंच.

लाल चिंधीची हंडी वर आली होती.
दुहेरी गाठ, वर गरम राख,
आठ बोटांनी सोडवायला वेळ लागतो.
रांग थांबली होती.