आधीचं पाणी

मे महिन्यात आमच्या वॉर्डात
थर्मामीटर कुणाला लावण्याआधीच चढून बसतो.
रिकाम्या हवेला एकशे आठ.
म्हणून तो ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवायचा,
झटकून खाली आणायचा,
मगच कुणाच्या काखेत.
पुस्तकात हे नाही. डंभारे सिस्टरनं सांगितलं.

आणि हेही, की श्वास मोजायचा तर सांगायचं नाही.
नाडी मोजून झाली तरी मनगट धरून ठेवायचं,
एक डोळा घड्याळावर,
दुसरा लुगड्याच्या त्या घडीवर
जी वर येते, खाली जाते.
आपला श्वास कुणी मोजतंय असं कळलं
की माणूस तो नीट घ्यायला लागतो,
फोटोला बसल्यासारखा.

खाट चार. कौतिका अवचार.
वय अंदाजे सत्तर, अंदाज माझा.
पायात बाभळीचा काटा मोडलेला, पाऊल सुजलेलं,
तीन दिवसांचा ताप.
मानोऱ्याच्या नळाला त्या आठवड्यात पाणी नव्हतं.
मी कोपऱ्यातल्या बादलीतून मगानं घेतलं,
तळव्यावर तळवा, बोटांत बोटं,
अंगठा मुठीत फिरवून, नखं घासून, मनगटापर्यंत.
मग ड्रेसिंग. मग पुन्हा बादली.
ती बघत होती.
संध्याकाळी पुन्हा तसंच.
दुसऱ्या सकाळी मी हात घासून आले
तर तिनं पाय ओढून घेतला.
"राहू दे माय. येवढी घासतं,
तं शिवूच नको."

लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला.
त्या शांततेत ती छताकडे पाहून बोलली.

"मी सुईण होती.
रात्री कंदील घेऊन गडी ये बलवाले.
मांगच्या दारानं जा लागे.
नाळ मी कापो. लेकरू पयलं माह्या हातात रडे.
अन मी निंघाली का मांगून गोमूत्र शिंपडत येत.
बसली तो बारदाना जाळून टाकत."

माझ्याकडे उत्तर होतं. भिंतीवर तक्ताच होता,
हात धुण्याचे पाच क्षण, रंगीत.
तक्त्याकडे बोट दाखवायची लाज वाटली.
बादली उचलून तिच्या खाटेशी आणली,
स्टुलावर ठेवली, तिच्यादेखत पुन्हा धुतले.
"आजी, ह्या हातांनी आत्ता तीन नंबरचा पू पुसलाय.
तो तुमच्या पायात जाऊ नये, म्हणून हे आधीचं पाणी.
हे तुमच्यासाठी."
"अन नंतरचं?"
"नंतरचं पाच नंबरच्या बाईसाठी."

ती बराच वेळ बादलीकडे पाहत राहिली.
वाटलं, पटलं असेल.
पाय तिनं पुढे केला खरा,
पण बोलली ते भलतंच.

"इळ्यानं कापो मी. चुलीच्या राखेत टेकवून.
खूप जगले. एक तं सरपंच हाय.
पण काही आठव्या दिशी ताठ होऊन जात, धनुष्यावानी.
मी म्हनो, सटवीचं लेखन."
मग अगदी हळू:
"माह्या मांगून येवढं धुतलं त्यायनं.
आधी कोनं पाणी देल्लं नाही मले."

मी मनगट धरलं.
नाडी एकशे चार.
काटा दुसऱ्या फेरीला लागला, मी सोडलं नाही,
नजर तिकडे नेली, पदराच्या घडीवर.
अकरा, बारा.

"नाडी नाही पाहून रायली तू,"
डोळे मिटूनच ती म्हणाली.
"लुगडं पाहून रायली. आम्हीबी तसंच पाहो,
नव्या लेकराचं पोट.
मोज."

आणि तिनं श्वास तसाच चालू ठेवला,
तुटका, कडेला अडकणारा.
मी पहिल्यापासून मोजला.
सव्वीस.
कागदावर लिहिला,
पेन खिशाला लावलं,
बादलीकडे वळले.
तिनं मान हलवली, जा म्हणून.
पाच नंबर खोकत होती.