खोली क्रमांक ११४

पहिल्यांदा आले तेव्हा टिल्सनची लोकसंख्या
पाण्याच्या टाकीवर रंगवलेली होती: चार हजार दोनशे.
आता कुणी आकडा बदलायच्या भानगडीत पडत नाही.
इंडियानाच्या या मक्यात आधी खुंट्या उगवतात,
नारिंगी फिती बांधलेल्या,
मग गटाराचे पाइप,
मग रस्ते, बिल्डरच्या मुलींच्या नावांचे.

तहानेच्या आधी विहीर खणायची, हा माझा धंदा.
तहान किती लागेल
ते मात्र कुणी लिहून देत नाही.

नकाशावर कर्कटक टोचते. चार मिनिटांचं वर्तुळ.
एक घर नेमकं रेषेवर येतं:
स्वयंपाकघर आत, मुलांची खोली बाहेर.
मी पेन्सिलची रेघ जाड करते,
जणू तेवढ्यानं भागेल.
शिवाय वर्तुळ खोटंच. मधून रूळ जातात,
आणि मालगाडी एकशे दहा डब्यांची,
तिला कुठल्याच आगीची घाई नसते.

फायर चीफ ऑस्ट्रँडर मोजकं बोलतो.
जुन्या ठाण्यात नवा बंब शिरताना
दोन्ही आरसे मिटून घेतो, लाजल्यासारखा;
ते दाखवायला त्यानं मला मुद्दाम नेलं.
काजळीचे कोट कुठे टांगायचे?
मी म्हटलं, झोपायच्या खोल्यांपासून लांब, मध्ये दोन दारं.
भिंतीवर त्याच्या आधीच्या प्रमुखांचे फोटो होते.
तिकडे न बघता तो म्हणाला, "तीन कर."

लॉर्ना पेट्रस्की तळघरात बसते, रात्रपाळीला,
कानावर हेडफोन, पुढ्यात सहा पडदे.
तिला विचारलं, नव्या इमारतीत काय हवं?
वाटलं, चांगली खुर्ची मागेल.
"खोली," म्हणाली. "खिडकी असलेली. फोन नसलेली."
मग बराच वेळ काही नाही. मग:
"गाडी पोचली की लाइन तुटते.
बाई जगली का, बाळ रडलं का,
आम्हाला कुणी कळवत नाही.
आणि लगेच दुसरा दिवा लागतो.
मी जिन्यात जाऊन बसते, तीन मिनिटं."

मी काढली. सत्तर चौरस फूट, पूर्वेकडे खिडकी.
'शांत कक्ष' लिहिलं. चूक माझीच.

मंगळवारी नगरसभा. शहाण्णव लाखांचं कर्ज,
अंथरूण पाहून पाय पसरण्याची चर्चा,
कुणीतरी भोंग्याबद्दल विचारलं:
दुपारी बाराला वाजणार ना?
मर्ल स्टकी, चाळीस वर्षं बिनपगारी आगी विझवलेला,
उठून म्हणाला की त्याच्यावर माझी कुत्री जेवते.
ते मात्र एकमतानं मंजूर झालं.
खजिनदार ग्लेंडा हॅव्हरकँपनं ११४ वर लाल फुली मारली:
"सत्तर फूट, नुसतं बसायला?"

घरी येऊन मी नियमांची जाडी वही उघडली.
झाडू-पोछ्याला जागा सक्तीची आहे.
रडण्याबद्दल एकही कलम सापडलं नाही.
नाव खोडलं. लिहिलं: सफाई साहित्य.
खिडकी तशीच ठेवली.

पुढच्या मंगळवारी ग्लेंडाचं बोट त्या पानावर थांबलं.
चष्म्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी पाण्याचा पेला उचलला, रिकामा होता.
"झाडूंना उजेड लागत असेल," म्हणाली,
आणि पान उलटलं.

उद्घाटनाला फीत, केक, बंबावर चढलेली पोरं.
गर्दी पांगल्यावर मी हळूच ११४ उघडली.
सफाई कामगारानं नकाशाचा मान ठेवला होता:
तीन मॉप, एक बादली, जंतुनाशकाचे कॅन,
सगळं एका भिंतीला नीट लावलेलं.
आणि खिडकीशी, मी कुठेही न काढलेली,
तळघरातली जुनी खुर्ची.