गुऱ्हाळाच्या वासात

पन्हाळ्याचा नाका शिवून परत फिरले
तेव्हा पाय माझेच होते.
वाघबीळचा उतार संपता संपता
कुणीतरी ते मागून नेले, उसने दिल्यासारखे.

केर्लीजवळ तिसावा किलोमीटर.
वर्गात मी हे फळ्यावर काढते :
यकृत, त्यात साठवलेली साखर,
स्नायूंच्या कपाटात आणखी थोडी,
बाण, बाण, बाण.
पोरं विचारतात, परीक्षेला येतं का मॅडम?
येतं.
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डाव्या पोटरीत येतं.

उतारावर रेटा धरून धरून
मांडीतले बारीक धागे उसवतात,
कॅल्शियम नको तिथं झिरपतं,
आखडलेलं सैल व्हायचं विसरतं.
घाम वाळून कपाळावर मीठ.
रक्त दाटलेलं, काळीज उगीच घाईत.
आणि ते लॅक्टिक,
किती वर्षं शिव्या घातल्या आम्ही त्याला!
बिचारं जळणच निघालं,
परत चुलीत घालायचं.

शेजारी गुऱ्हाळ.
काहिलीत रस रटरटतोय,
चिपाडांचा धूर रस्ताभर लोळतोय,
अख्खं शिवार गोडानं मळमळतंय
आणि माझ्या आत चिमूटभर नाही.

थांबले नाही मी.
म्हणजे, थांबलेच म्हणायचं ते.
गुळव्या काहिलीमागून ओरडला,
"काय ओ बाई, कोण मागं लागलंय?"
आणि हातावर गुळाचा कोमट खडा.

जिभेवर ठेवला.
अजून विरघळला नव्हता,
घशाखाली उतरला नव्हता,
रक्तात पोचायला तर पाव तास,
आणि पाय हलले.

म्हणजे होतं.
कुठंतरी होतं अजून.

मेंदू आमच्या आईसारखा.
वीस तारखेलाच म्हणायची, संपलं सगळं,
आणि कुणाला ताप भरला की
तूरडाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून
तळातनं पन्नासाची नोट काढायची.
डाळ लागलेली, पिवळी.
आम्ही भावंडं तिला लबाड म्हणायचो.
तिला घर चालवायचं होतं,
आम्हाला नुसतं जत्रेला जायचं होतं.

शिवाजी पुलापर्यंत अजून दहा.
उसाच्या ट्रॉल्या अंगाला घासून जातायत,
एका पोरानं वरून कांडं फेकलं, चुकलं.
खडा या गालातून त्या गालात फिरवत
मी पळते, हळू.
डबा वाजवून बघत नाही.