सहा इंच

हेक्सममध्ये, पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
रॉब्सनच्या दुकानात दोन दुर्बिणी.
एक तिवईवरची, दांडा आणि वजनं लटकवून
सोनाराच्या तराजूसारखी अदबशीर.
दुसरी बुटकी, लाकडी बैठकीवर
पातेल्यासारखी तोंड वर करून.

पाच इंच आरसा. सहा इंच आरसा.
इंचभराने काय फरक पडतो, मी विचारलं.
तो म्हणाला, "जिने किती?"
एक्केचाळीस पायऱ्या. लिफ्ट नाही.

बुटकी त्याने दारातूनच समोरच्या छपरावर रोखली.
धुराडं उलटं, त्यावरचा कावळा उलटा,
पडत मात्र नव्हता.
"सुलटं नाही होत?"
"वर गेल्यावर कोण विचारतंय?"

तिवईवाली आकाशामागोमाग फिरते म्हणे,
बारीक चावी पिळत राहायची.
बुटकीला हातानेच सरकवायचं,
झोपेतल्या लेकराची कूस बदलावी तसं.
बुटकी घेतली.

अकरा रात्री ढग.
बाराव्या रात्री ड्यूटीवरून येऊन
खालच्या मिसेस टेलफर्डच्या परसात
उलट्या बादलीवर ठेवली.
झाकण काढलं, तर आरशात आधी मीच,
केसांवर इस्पितळाची टोपी तशीच.

दिवा मालवला. मग शनी.
साबुदाण्याच्या दाण्याएवढा, भोवती कडं.
मिनिटभरात निसटला.
सरकवली. आला.

मिसेस टेलफर्ड गाऊनवरच बाहेर आल्या,
वाकल्या, काही बोलल्या नाहीत.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकल्या.
"गेला गं," म्हणाल्या,
"सरकव."