धुक्याला जागा किती लागते

वाल्पाराइसोत, बंदरामागच्या गल्लीत,
आमच्या दुकानाच्या काउंटरवर
दोन हार्ड डिस्क मी शेजारी शेजारी मांडल्या.
एक जाडजूड, हाताला जड.
एक इतकी हलकी, की आत काही आहे ना,
असं गिऱ्हाईक हमखास विचारतं.

डॉन एलेउतेरिओंनी विचारलं नाही.
त्यांनी दोन्ही कानाला लावून पाहिल्या.

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं:
ही चकतीवाली. मिनिटाला सात हजार दोनशे फेरे,
चार टेराबाइट, जन्मभर पुरून उरेल.
ही बिनचकतीची. एकच टेराबाइट,
पण पापणी लवायच्या आत कंप्युटर सुरू,
हातातून पडली तरी बिघडत नाही,
आवाज शून्य.
किंमत जवळपास सारखी.

"शून्य म्हणजे?"

शून्य म्हणजे शून्य, डॉन एलेउतेरिओ.

एकोणचाळीस वर्षं त्यांनी
टेकडीवर चढणारी लिफ्ट चालवली.
लाकडी डबा, तिरके रूळ, तारेचा दोर.
दोराचा एक पीळ सुटला
तर तो त्यांना जेवताना ऐकू यायचा म्हणे,
घरी, खिडकी लावलेली असताना.

ठेवायचं काय आहे?
"फोटो. वरच्या स्थानकातून रोज एक,
पहिला डबा सोडायच्या आधी.
तेच बंदर. बावीस वर्षं."
खिशातून त्यांनी पेनड्राइव्ह काढला,
रुमालात बांधलेला.

मी पडद्यावर उघडून पाहिलं.
जहाज. क्रेन. धुकं.
धुकं. धुकं. एक कुत्रा. धुकं.
अर्धे तरी काढून टाकता येतील, मी म्हटलं.

"धुक्याला जागा किती लागते?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं.
बघितलं, तर खरंच:
स्वच्छ सकाळीच्या तिसरा हिस्सासुद्धा नाही.
"वाटलंच होतं," ते म्हणाले,
आणि धुक्याची बाजू लागल्यासारखे खूश झाले.

म्हणजे जागेचा प्रश्न मिटला.
वेगाची त्यांना घाई नव्हती.
मी वॉरंटीकडे वळले तर मधेच म्हणाले,
"मरायच्या आधी सांगते का?"

हे आम्हाला शिकवलेलं नाही.
पण माझ्या भावाची बिनचकतीची
एका मंगळवारी गेली. चहा ठेवून आला तोवर.
चकतीवाली बहुतेकदा कुरकुरते,
टिकटिकते, दोनचार दिवस देते.
नेहमीच नाही हं.

"दोन दिवस पुष्कळ झाले,"
आणि त्यांनी नोटा मोजायला घेतल्या.

पावती करताना मी बजावलं,
हिला हिसका सोसत नाही, जपून न्या.
समोरच तुमची लिफ्ट आहे, बसा आणि जा.

"वरून तिसरा सांधा," ते म्हणाले,
"त्याचा हिसका मला माहीत आहे, यास्ना."

मग खोका पोटाशी धरून
ते पायऱ्यांनी निघाले, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी,
कठड्याला न धरता.
मी दारात उभी राहून पाहत होते.
पहिल्या वळणावर ते थांबले,
खोका कानाशी नेला.

अजून तर ती फिरायलाही लागली नव्हती.